मक्याचा स्टोव्ह: आधी धुराचा मार्ग बघा, मग मका

अमेरिकेत आयोवात घर घेतलंत, बेसमेंटमध्ये आधीच्या मालकाचा मका किंवा पेलेटवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर) चालणारा स्टोव्ह आयता मिळाला आणि डिसेंबरात आई-बाबा यायच्या आत तो चालू करायचाय. पाईप घरीच बदलला तर चालेल का आणि मका कुठला घालायचा, हे तुमचे दोन प्रश्न. मी अकरा हिवाळे असाच स्टोव्ह वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

याला चूल समजू नका. चुलीचा धूर आपोआप वर जातो, इथे तो पंखा बाहेर ढकलतो. त्यामुळे पाईपच्या आत दाब असतो आणि सांधा जरा सैल राहिला की धूर घरात येतो. आमच्याकडे बसवणाऱ्याने एक सांधा सील न करताच सोडला होता. पंधरा दिवसांत त्याच्या बरोबर वर भिंतीवर बोटभर रुंद करडा पट्टा उमटला. बायको म्हणाली, उदबत्तीचा डाग असेल. हात फिरवला तर बोट काळंकुट्ट!

म्हणून पाईप पेलेट स्टोव्हसाठीचाच, दुहेरी भिंतीचा हवा. साधारण ३ किंवा ४ इंची असतो. ड्रायरची अ‍ॅल्युमिनियमची नळी कुणी सुचवली तर हात जोडा. मका जाळणार असाल तर दुकानात तसं स्पष्ट सांगा, कारण मक्याचा धूर आम्लयुक्त असतो आणि साधा पत्रा खातो. तुमचा जुना पाईप उतरवून आत टॉर्च मारा. खड्डे किंवा गंज दिसला तर तो भंगारात. सांध्यांना जास्त तापमान सोसणारं सिलिकॉन. बाहेरचं तोंड खिडकी-दारापासून बाजूला किंवा खाली असेल तर निदान ४ फूट लांब, असा ढोबळ नियम आहे. मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर ते पाळा, आणि बर्फाचा ढीग तिथवर चढणार नाही एवढी उंची ठेवा. घर तापवणाऱ्या भट्टीच्या किंवा गीझरच्या धुराड्यात हा पाईप जोडायचा नाही, कधीच नाही.

घरी करावं का? हाताला सवय असेल तर जमतं, पण शहराचं किंवा काउंटीचं परमिट काढा, इन्स्पेक्टरला दाखवा आणि विमा कंपनीला कळवा. मी स्वतः दुसऱ्यांदा माणूस बोलावला, आणि या वेळी प्रत्येक सांधा त्याच्याशेजारी उभं राहून बघितला.

आता वीज. वीज गेली की पंखा थांबतो, पण बर्न पॉटमधलं, म्हणजे आतल्या जळणाच्या भांड्यातलं, जळण धुमसत राहतं आणि धूर मागे फिरतो. पाईप बाहेर पडण्याआधी काही फूट सरळ वर चढवला असेल तर धूर निदान स्वतःच्या ओढीने निघतो. तुमचा बेसमेंटमधला आहे, तेव्हा हे कराच. शिवाय स्टोव्हला चालेल असा बॅटरी बॅकअप घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर. आई-बाबा तळमजल्यावर झोपणार असतील तर तिथला आधी.

मका कोरडा हवा, ओलावा १५ टक्क्यांच्या आत. मी १२-१३ बघून घेतो. एलिव्हेटरवर, म्हणजे गावच्या धान्याच्या कोठारावर, तो बुशेलने मिळतो, एक बुशेल म्हणजे ५६ पौंड. धूळ आणि कणसाचे तुकडे चाळून काढा, नाहीतर दाणे पुढे ढकलणारा ऑगर अडकतो. पेरणीचं गुलाबी-हिरवं रंगवलेलं बियाणं कुणी फुकट दिलं तरी नको, त्यावर औषध असतं. मका पटकन पेटत नाही, म्हणून सुरुवात पेलेटवर करून मग मका वाढवा. पेटवायला रॉकेल, पेट्रोल असलं काही नाही.

मक्याची राख भुरभुरत नाही, वितळून थिजते. सकाळी बर्न पॉटमध्ये जळक्या चिक्कीसारखी काळपट, भोकाभोकांची वडी मिळते. ती गरम असतानाच चिमट्याने काढली तर सुटी निघते, गार झाल्यावर खरवडून बोटं दुखतात. ती राहिली की हवेची भोकं बुजतात आणि ज्वाळा लांब, नारिंगी, सुस्त होते, काच काळी पडते. ज्वाळा आखूड, उजळ आणि नाचरी असली की समजा सगळं ठीक आहे.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली बाहेर काँक्रीटवर. लाकडी डेकवर ठेवू नका, आत निखारा कितीतरी वेळ जिवंत असतो. घरचा व्हॅक्यूम तर बिलकुल नको. दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची हवाबंद करणारी दोरी, तपासायचं तर दारात डॉलरची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर दोरी बदला. पाईप आणि पंख्याची पाती वर्षातून एकदा तरी साफ, मका जास्त जाळलात तर मध्येही. वसंतात स्टोव्ह बंद करताना आतली राख पूर्ण काढा, उन्हाळ्यातल्या दमटपणाने ती पत्रा खाते.

मॉडेलचा नंबर हॉपरच्या (मका ओतायच्या डब्याच्या) झाकणाखाली किंवा मागच्या पत्र्यावर असतो. तो इथे टाका, आणि पाईप भिंतीतून जातो तिथला एक फोटोही. मॅन्युअल सापडलं तर अंतरं तपासून सांगतो.