न रडलेले दुःख

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आमचे वडील हृदयविकाराने गेले. आई आजही कोणी भेटायला आले की हुंदके देऊन रडते. धाकटा भाऊ मात्र खांदा देतानाही रडला नाही आणि वडिलांचा विषय निघाला की उठून जातो. दर रविवारी तो त्यांची जुनी स्कूटर पुसतो, किक मारून थोडा वेळ सुरू ठेवतो आणि पुन्हा झाकून ठेवतो. नातेवाईक म्हणतात, त्याला एकदा रडवा, नाहीतर दुःख छातीत बसेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, त्याला रडवू नका. न रडलेल्या माणसाचे दुःख पुढे कधीतरी उफाळून येतेच, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली असली तरी अभ्यासांतून तिला फारसा आधार मिळालेला नाही. काहींचे दुःख डोळ्यांतून वाहते, काहींचे हातांतून. भाऊ स्कूटर पुसतो तेव्हा तो वडिलांपाशीच असतो, असे मला मनापासून वाटते.

आठवून पाहा, लाकडांची सोय, नातेवाइकांना फोन, तिसऱ्या दिवशी राख सावडणे, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर थांबणे, यांतले बरेचसे बहुधा त्याच्याच अंगावर पडले असेल. आईच्या गळ्यात पडायला बायका आल्या, शेजारून कडू घास आला. त्याला मात्र ‘आता घर तुलाच सांभाळायचे आहे’ एवढेच ऐकावे लागले असेल. तेराव्यानंतर माणसे पांगतात आणि खरी पोकळी तेव्हाच जाणवू लागते.

मात्र झोप उडाली, जेवण तुटले, कामावर जाणे थांबले, व्यसन वाढले, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. प्रौढ व्यक्तीच्या शोकाला विकार म्हणण्यापूर्वी अमेरिकन निदानपद्धती किमान १२ महिने जाऊ देते, पण मदत मागायला तेवढे थांबण्याचे कारण नाही. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर त्याला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य आहे.

तोपर्यंत येत्या रविवारी दोन कप चहा घेऊन अंगणात जा, दुसरे फडके उचला. ‘कसे वाटते’ असे विचारू नका. बाबा ही गाडी कोणाला हात लावू देत नसत का, एवढेच विचारा. तो गप्प राहिला तरी चहा संपेपर्यंत तिथेच बसा.