सॅम्पलच्या पिशवीला बाहेरचा कप्पा कशाला?

प्रश्न : ताई, मी एका कलेक्शन सेंटरवर काम करतो. आमची रोजची सॅम्पल्स बाईकवरून मेन लॅबला जातात. मागच्या आठवड्यात युरिनच्या एका डबीचं झाकण सैल राहिलं, सगळं सांडलं आणि चार पेशंटचे फॉर्म भिजले, एकाचं तर नावही वाचता येईना. आता बायोहॅझर्ड (म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या सामानाच्या) पिशव्या मागवायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. लाल, पिवळ्या, पारदर्शक, झिपच्या, चिकटपट्टीच्या, काय काय आहे! कुठल्या घेऊ?

उत्तर : एक डबी सांडली आणि चार फॉर्म भिजले म्हणजे चौघांचं सामान आणि कागद सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं होतं, बरोबर ना? मग पिशवी कितीही भारी आणलीत तरी पुन्हा हेच होणार. आधी एक पेशंट, एक पिशवी हे ठरवून टाका.

आता पिशवी. तुम्हाला हवीये ती दोन कप्प्यांची, पारदर्शक, झिपलॉकवाली. झिपच्या आत ट्यूब किंवा डबी जाते आणि बाहेरच्या उघड्या कप्प्यात फॉर्म. हा बाहेरचा कप्पा लोकांना फालतू वाटतो, पण खरी गंमत त्यातच आहे, आत सांडलं तरी कागद कोरडा राहतो आणि लॅबमधला माणूस झिप न उघडता नाव, टेस्ट सगळं वाचू शकतो. पारदर्शक अशासाठी की गळालंय हे उघडायच्या आधीच दिसलं पाहिजे. काविळीसाठी करतात त्या बिलिरुबिनसारख्या टेस्टचं सॅम्पल उजेडात खराब होतं, त्याला गडद तपकिरी पिशवी मिळते, तेवढ्या थोड्या वेगळ्या मागवून ठेवा.

पिशवीवरचं ते तीन चंद्रकोरींचं बायोहॅझर्डचं चिन्ह बघून हुरळू नका. ते १९६६ मध्ये डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन यांच्या टीमने बनवलं, आणि मुद्दाम असं निवडलं की लक्षात राहील पण बघणाऱ्याला त्याचा आधीपासून काहीच अर्थ माहीत नसेल. छान आहे, असायलाच हवं, पण छापायला काय, कुठल्याही पातळ पिशवीवर छापता येतं. त्यामुळे मोठी ऑर्डर द्यायच्या आधी दहा-बारा नमुने मागवा, प्रत्येकात अर्धी पिशवी पाणी भरा, झिप लावा, उलटी करून टिश्यू पेपरवर टांगून ठेवा आणि जेवून या. कागद ओला झाला तर तो माल परत! गळती बहुतेक वेळा झिपच्या दोन टोकांना नाहीतर बाजूच्या जोडावर होते, तिथे बोटाने दाबून बघा. आणि हे ग्लोव्हज घालून करा, कारण काही झिपा नुसत्या हाताने पटकन लागतात आणि ग्लोव्हज घातले की हाताला सापडतच नाहीत, मग घाईत अर्धवट लावून माणूस मोकळा.

एक गोष्ट मात्र सगळे विसरतात, आत शोषून घेणारं पॅड. डबीतलं सगळंच्या सगळं सांडलं तरी पिऊन टाकेल एवढं ते हवं. रक्ताच्या छोट्या ईडीटीए ट्यूबला (ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन) लहान तुकडा पुरतो, युरिनच्या डबीला नाही. काही पिशव्यांत ते आधीच बसवलेलं असतं.

बाकी सुई लावलेली सिरिंज पिशवीत कधीच नको. बायोप्सीचा तुकडा ज्या रसायनात टिकवतात त्या फॉर्मलिनची बाटली रक्ताच्या ट्यूबबरोबर एका पिशवीत नको. काचेच्या बाटल्या दोन असतील तर एकमेकींवर आपटू नयेत म्हणून वेगवेगळ्या गुंडाळा. आणि पेशंटचं नाव ट्यूबच्या अंगावरच चिकटवा, झाकणावर किंवा नुसतं पिशवीवर नाही. मग या पिशव्या बाईकवर कडक डब्यात उभ्या ठेवायच्या. हँडलला लटकवलेली पिशवी मी डोळ्यांनी बघितलीये म्हणून सांगते.

प्रश्न : आमच्याकडे कचऱ्याच्या लाल बायोहॅझर्ड पिशव्यांचा गठ्ठा पडून आहे. त्याच वापरल्या तर चालतील ना? चिन्ह तर तेच आहे.

उत्तर : नाही हो. त्या फेकण्यासाठी आहेत. त्यांना झिप नसते, गाठ मारावी लागते, आतलं नीट दिसत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सफाईवाल्या मावशींनी ती कचरा समजून उचलून नेली तर चूक त्यांची नाही. उलटंही करू नका, म्हणजे सॅम्पलची पिशवी कचऱ्याला वापरू नका. सॅम्पलची पिशवी साध्या पॉलिथिनची असते, कचरा वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्ह मशीनमध्ये १२१ अंशाला ती वितळून चिकटते, तिथे जास्त उष्णता सोसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचीच लागते.

प्रश्न : काही सॅम्पल्स विमानाने दुसऱ्या लॅबला पाठवायची आहेत. झिपलॉक पुरेल का?

उत्तर : साधी झिपलॉक नाही पुरणार. नेहमीची तपासणीची सॅम्पल्स यूएन ३३७३ या वर्गात (धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी दिलेला क्रमांक) जातात आणि त्याला तीन थर लागतात, गळू न देणारी ट्यूब, गळू न देणारी दुसरी पिशवी किंवा डबा, आणि बाहेर कडक खोका. द्रव सॅम्पल असेल तर पहिल्या दोनपैकी एकाने तरी ९५ किलोपास्कलचा दाब सहन केला पाहिजे. समुद्रसपाटीला हवेचा दाबच साधारण १०१ असतो, त्यावरून अंदाज घ्या की परीक्षा किती कडक आहे. आपल्या ट्यूबच्या झाकणाबद्दल तशी लेखी खात्री सहसा हातात नसते, म्हणून पिशवीच ९५ किलोपास्कलची घ्यायची. ती बहुतेक चिकटपट्टीची असते, आणि तो आकडा पिशवीवर छापलेला असला तरी विकणाऱ्याकडून टेस्टचा कागद मागून घ्या.

बर्फ दुसऱ्या थराच्या बाहेर ठेवायचा, ट्यूबला चिकटवून नाही, गोठलं तर रक्तपेशी फुटतात आणि सॅम्पल वाया जातं. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, असेल तर खोका हवाबंद करू नका, त्याचा गॅस होतो आणि बाहेर पडायला वाट नसेल तर खोका फुटू शकतो. आतल्या सामानाची यादी दुसऱ्या थराच्या आणि खोक्याच्या मधे. इबोलासारख्या आजाराचा नुसता संशय जरी असला तरी हे पॅकिंग चालत नाही, त्याचा वर्ग वेगळा, पॅकिंग वेगळं, तेव्हा सॅम्पल पॅक करायच्या आधीच लॅबला फोन करा.