ऑपरेशन चालू असताना मधेच थांबू कसा?

मान पाठ कितीही दुखली तरी ऑपरेशन सोडून थांबायचं कसं, पेशंटला धोका नाही का, आणि टीम काय म्हणेल, हा प्रश्न मला सर्जन मंडळी बरेचदा विचारतात. एका डॉक्टरांचं सांगते, ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.

ते आले होते चिडचिडीसाठी. मुलांवर ओरडणं, झोप नाही वगैरे, पण बोलताना हात सारखा उजव्या खांद्यावर जात होता म्हणून विचारलं, तर म्हणाले "ते चालायचंच मॅडम, चार चार तास दुर्बिणीची ऑपरेशनं, त्या कुशीवर झोपताच येत नाही." तीन वर्षं खांदा दुखतोय! आणि कोणाला सांगितलं नाही. आधी तपासून घ्यायला लावलं, कारण हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर नुसत्या स्ट्रेचिंगवर राहून चालत नाही. तसं काही निघालं नाही.

मग ब्रेकचा विषय काढला तर "पेशंट टेबलावर आणि मी व्यायाम करू?" मी सांगितलं की अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या सर्जननी इतर हॉस्पिटलांसोबत हे करून पाहिलंय, दर 20 ते 40 मिनिटांनी दीड दोन मिनिटं थांबून स्ट्रेचिंग करायचं, 2017 मध्ये छापून आलं, दुखणं कमी झालं आणि ऑपरेशन लांबलं नाही. त्यांना ते पटलं पण चेहरा तसाच. बऱ्याच वेळाने बोलले, शिकत असताना एकदा त्यांनी कंबर सरळ केली तर सिनियर सगळ्यांसमोर म्हणाले होते "दमलास? मग घरी जा." वीस वर्षं झाली, अजून तेच कानात. मला वाटतं खांद्यापेक्षा हे जास्त दुखत होतं आणि त्यावरच आम्ही दोन सेशन घालवली.

ठरलं असं की थांबायचं त्यांनी एकट्याने ठरवायचंच नाही. सुरुवातीला टाइमआऊटलाच, म्हणजे चिरा देण्याआधी सगळी टीम थांबून पेशंट आणि ऑपरेशन नक्की करते तेव्हाच, टीमला सांगायचं, अर्ध्या तासाने सिस्टर आठवण करतील, रक्तस्राव चालू असेल किंवा नाजूक जागी असू तर ते झाल्यावर, नाहीतर इन्स्ट्रुमेंट बाहेर काढून सगळ्यांनीच थांबायचं. हात छातीसमोर, कमरेच्या वरच ठेवायचे म्हणजे स्टेराईल (जंतुविरहित) राहतात, मानेला हात लावायचा नाही, हनुवटी मागे घ्यायची, खांदे मागे फिरवायचे, खांद्यामागची पाती जवळ आणायची, टाचा उचलायच्या, बस.

पहिल्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये कोणीच काही बोलेना, त्यांना घाम फुटला म्हणे. मग कॅमेरा धरून उभा असलेला रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हळूच म्हणाला "सर, माझी पण पाठ गेलीय."

दोन महिन्यांनी आले तेव्हा खांदा पूर्ण बरा नव्हता, पण उजव्या कुशीवर झोप लागत होती, आणि सिस्टर विसरल्या तर आता भूलतज्ज्ञ आठवण करतात.