गाठ साखर खाते, म्हणून वडिलांची साखर बंद केली तर त्यांची प्रतिकारशक्ती वाढेल का?

तुम्ही विचारले आहे की वडिलांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे कळल्यापासून घरातल्यांनी त्यांचा भात, फळे आणि गोड पदार्थ बंद केले आहेत, कारण ‘गाठ साखर खाते आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती लुळी पडते’ असे कोणीतरी सांगितले. तर यात तथ्य किती? ऐकलेले विधान बऱ्याच अंशी खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मी नागपुरात जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि माझ्या सासऱ्यांना हाच आजार झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिकत असताना आम्ही प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी चपट्या बाटल्यांमध्ये वाढवत असू. त्यांना घालायच्या पोषक द्रवात फिनॉल रेड नावाचे रंगद्रव्य असते. द्रव ताजा असताना लाल दिसतो आणि आंबट झाला की पिवळा पडतो. शुक्रवारी संध्याकाळी बदललेला द्रव सोमवारी सकाळी हळदीच्या पाण्यासारखा झालेला असे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात नोंदवले ते हेच: प्राणवायू भरपूर असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याला आंबटपणा आणणारे तेच आम्ल. या मार्गाने एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, जेमतेम २ रेणू हाती लागतात, तर पूर्ण ज्वलनातून सुमारे ३०. त्यामुळे अशा पेशीला साखर फार लागते. शरीरात साखर कुठे जास्त खपते ते दाखवणारा पेट स्कॅन याच हावरेपणावर चालतो. सासऱ्यांना उपाशीपोटी नेले, बोटाला टोचून साखर तपासली, किरणोत्सारी ग्लुकोजसारखे औषध शिरेतून दिले आणि ‘तासभर बोलू नका, काही चघळू नका’ असे बजावले, कारण हलणारे स्नायूही ते औषध ओढून घेतात. चित्रात मेंदू आणि मूत्राशय उजळले होते, ते अपेक्षितच होते; आणि ज्या गालात त्यांनी पंचवीस वर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) धरला, त्या गालातही एक ठिपका लखलखत होता.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी पेशी एरवी थोडक्यात भागवतात, पण शत्रू ओळखताच त्या झपाट्याने विभागू लागतात आणि त्यासाठी गाठीसारखाच साखरेचा झटपट मार्ग धरतात. म्हणजे दोघांची ओढ एकाच इंधनाकडे. साखर कमी पडली की टी पेशी लगेच मरत नाही, पण तिचे शस्त्र बोथट होते. यामागची यंत्रणा मला फार विलक्षण वाटते: साखर फोडण्याच्या कामातले जीएपीडीएच हे विकर (एन्झाइम) काम नसले की इंटरफेरॉन-गॅमा या टी पेशीच्या शस्त्रासारख्या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएला, म्हणजे ते बनवण्याच्या कृतीच्या प्रतीला, चिकटून बसते आणि ते प्रथिन तयारच होऊ देत नाही. हे २०१३ साली दाखवले गेले.

माझ्या मते तुटवड्याइतकेच महत्त्व त्या आंबटपणाला आहे. रक्ताचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ७.४ च्या आसपास असतो, तर गाठीतल्या पेशींबाहेरच्या द्रवाचा अनेकदा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. टी पेशीलाही स्वतःचे लॅक्टिक आम्ल बाहेर टाकावे लागते. बाहेरच ते साचलेले असेल तर तुंबलेल्या मोरीसारखी तिची गत होते आणि तिचे कामकाज मंदावते. उलट प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी त्याच लॅक्टेटवर (लॅक्टिक आम्लाचेच रूप) तग धरतात, आणि जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी लढण्याऐवजी गाठीला पोसणाऱ्या कामाला लागतात. तरीही ‘गाठीने सगळी साखर खाल्ली’ हे चित्र सरसकट लावू नये. २०२१ साली उंदरांमधल्या गाठींत मोजले असता पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज भक्षक पेशींसारख्या मज्जाजन्य (अस्थिमज्जेतून आलेल्या) प्रतिकारपेशींनी घेतल्याचे आढळले. कर्करोगाच्या पेशींचा ओढा ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे अधिक होता.

ज्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले, त्या टी पेशींवरील लगाम सैल करणाऱ्या उपचारांचाही इथे संबंध येतो. उंदरांवरील प्रयोगात पीडी-एल१ हे टी पेशींना लगाम घालणारे गाठीच्या पेशींवरचे प्रथिन रोखल्यावर गाठीच्या पेशींचे साखर फोडणेच कमी झाले, आणि ती साखर टी पेशींच्या वाट्याला आली.

ताटातली साखर बंद केल्याने असे काही घडत नाही. भात बंद केला तरी यकृत रक्तातले ग्लुकोज टिकवून धरते, आणि त्यासाठी गरज पडली तर स्नायूंमधली प्रथिने मोडली जातात. गाठीच्या आत साखर कमी असते ती तिथल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांमुळे आणि तिथल्याच खपामुळे. जेवण कमी केल्याने झिजतो तो माणूस. त्यातही तोंडाच्या कर्करोगात चावताना आणि गिळताना दुखते, किरणोपचारात तोंड सोलवटते, आणि वजन उतरले की उपचार सोसवत नाहीत. वडिलांना मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवलीच पाहिजे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. गोड सरबते टाळण्यालाही माझी हरकत नाही. मऊ वरणभात मात्र कृपया बंद करू नका.

आम्ही सासऱ्यांना तूप घातलेली पातळ खिचडी आणि घोटलेले अंडे देत असू, आणि दर रविवारी एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहीत असू. पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञ सर्वांत आधी ते कॅलेंडर मागत. तुमच्या वडिलांचे वजन पथ्य सुरू केल्यापासून किती उतरले, ते आजच पाहा आणि डॉक्टरांना कळवा.