शाळेच्या पटांगणात झाडं ठेवावीत की सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालावेत? झाडांचा मुलांना खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या शाळेला पटांगणासाठी निधी आलाय, शाळा व्यवस्थापन समितीतल्या निम्म्या लोकांना जुनी झाडं काढून पेव्हर हवेत, आणि तुम्हाला ‘फायदा काय ते पुराव्यानिशी सांगा’ म्हणाले. मी रत्नागिरी जिल्ह्यात तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. चार शाळा झाल्या, त्यातली एक उघड्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, आणि एक आमराईला लागून. पुरावा म्हणाल तर माझा पहिला पुरावा त्या दोन शाळा.

एक सांगून ठेवते, समितीत ऑक्सिजनचं नाव काढू नका. मी काढलं होतं. ‘बाई, आपल्याकडं काय आक्सिजन कमी हाय?’ म्हणून एकाने गप्प केलं, आणि त्याचं चूकही नव्हतं. सावलीबद्दल बोला.

सड्यावरच्या शाळेची कौलं जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली, त्यावर पत्रे आले. ऑक्टोबरात दुपारच्या सुट्टीत काय दिसायचं? इमारतीची सावली भिंतीलगत हातभर उरलेली, आणि त्या हातभर पट्ट्यात बत्तीस पोरं पाठ भिंतीला टेकवून रांगेने उभी. खेळ नाही, पळापळ नाही. घंटा झाली की तीच पोरं पत्र्याखाली परत. त्यानंतरच्या तासाला मी भागाकार शिकवायचा सोडून दिला होता, कारण तो तास निव्वळ भांडणं सोडवण्यात जायचा. आमराईच्या शाळेत तीच सुट्टी, तेच ऊन, पण पोरं बकुळीखाली फुलं वेचत बसायची आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यात दहा-दहाच्या माळा करायची. दशक-एकक मला तिथे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडे पारा काही विदर्भासारखा चढत नाही, पण हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. त्यात वरून ऊन आणि खालून तापलेला कातळ. झाड दोन्ही अडवतं. पेव्हर मात्र खालचा ताप वाढवतात. वर्गाबाहेर चपला काढलेली पोरं नळापर्यंत कशी उड्या मारत जातात ते एकदा समितीला भर दुपारी उभं करून दाखवा.

आता अभ्यास हवेतच, तर तीन लक्षात ठेवा. बार्सिलोनात ३६ प्राथमिक शाळांतल्या अडीच हजारांहून जास्त मुलांना वर्षभर तपासलं. शाळेच्या आवारात हिरवाई जास्त होती तिथे मुलांची कार्यस्मृती, म्हणजे डोक्यात एखादी गोष्ट धरून काम करायची ताकद, जास्त वाढली आणि लक्ष उडणं कमी झालं. २०१५ साली हे छापून आलं. त्यातला काही वाटा वाहनांचा धूर कमी असण्याचा होता, हेही त्यांनीच लिहिलंय. तुमची शाळा हायवेलगत असेल तर हा मुद्दा आधी मांडा. दुसरा अमेरिकेतल्या इलिनॉयमधला, २०१६ चा. माध्यमिकच्या ९४ मुलांना वेगवेगळ्या वर्गांत बसवलं: काहींना खिडकीच नाही, काहींच्या खिडकीतून नुसत्या इमारती दिसतायत, काहींच्या खिडकीतून झाडं. थोड्या विश्रांतीनंतर लक्ष लागण्याच्या चाचणीत झाडंवाली मुलं पुढे निघाली. हे वाचल्यावर मी काही बाकं फिरवली. म्हणून म्हणते, झाड गेटाजवळ शोभेला नको, बाकावरून दिसेल तिथे हवं.

तिसरा चीनमधल्या ग्वांगझूचा. पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांत मायोपिया, म्हणजे लांबचं नीट न दिसणं, सुमारे ३० टक्क्यांत आढळलं. बाहेर न काढलेल्यांत ३९ टक्क्यांच्या वर. झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. आणि सावली नसेल तर मे महिन्याच्या तोंडावर पोरांना बाहेर काढणार कसं?

आणि हे फक्त पोरांपुरतं नाही. माझी बहीण काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाते. तिथे जेवायची खोली आहे, पंखा आहे, तरी सगळ्या बाया डबे घेऊन मागच्या फणसाखाली. तिला कारण विचारलं तर म्हणाली, ‘थयसर (तिथे) मान वर होते.’ दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्याला आणखी काय सांगायचं?

तक्रारी खऱ्या आहेत, त्या उडवून लावू नका. पाला पन्हळीत अडकतो, किरडू, म्हणजे साप, निघतं. खालचं गवत काढलं आणि पाचोळा भिंतीपासून लांब कुजवला तर दोन्ही आटोक्यात राहतं. खेळायच्या जागी माड नको, हे सांगायला नकोच. गुलमोहोर वाऱ्यात मोडतो. उंडी, बकुळ, करंज आपल्याच किनाऱ्याची झाडं, खारा वारा सोसतात. पश्चिमेला लावाल तर खालच्या फांद्या छाटून खोड उंच न्या. दुपारचं ऊन तिकडून येतं तसा समुद्राचा वाराही तिकडूनच येतो. ऊन अडवायचं, वारा नाही.

पेव्हर हवेच असतील तर गेटपासून व्हरांड्यापर्यंत वाट करा आणि बाकी माती राहू द्या. पार बांधलात तर खोडाशी सिमेंट नेऊ देऊ नका. आमच्या एका शाळेत गवंड्याने नीटनेटकं दिसावं म्हणून चिंचेला अगदी खोडापर्यंत कोबा केला. दोन पावसाळ्यांत शेंडा वाळला. मग पहार घेऊन तो कोबा मी आणि सातवीच्या पोरांनी फोडला, आणि पुढच्या चैत्रात खालच्या फांद्यांना पालवी आली. शेंडा मात्र अजून वाळलेलाच आहे.