रोज शहरात चालवायला महागडी फोल्डिंग सायकल घेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसला ये-जा करायला लाखाच्या घरातली फोल्डिंग घ्यावी, की वीस हजारांतली पुरे. तुमच्या प्रवासात लोकल किंवा मेट्रो येत असेल तर महागडी घ्या. घरापासून ऑफिसपर्यंत सगळा रस्ता सायकलवरच काटणार असाल तर फोल्डिंगच्या वाटेला जाऊ नका, मोठ्या चाकांची चांगली सायकल घ्या आणि त्याहून चांगलं कुलूप घ्या.

"वीस हजारांतली पुरे का" हे वाचलं आणि लिहायला बसलो. कारण मी आधी तीच घेतली होती.

मी कल्याणला राहतो, ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. कुर्ल्याला उतरून पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग ज्याने धरली आहे त्याला पुढचं सांगायला नको. जेमतेम तीन किलोमीटरसाठी पंचवीस मिनिटं रांगेत. २०१८ मध्ये वैतागून वीस इंची चाकांची, मधून दुमडणारी सायकल घेतली. दुमडली की चेन बाहेरच्या बाजूला राहायची. दुसऱ्याच आठवड्यात डब्यात एका गृहस्थांच्या फिकट पॅंटवर गुडघ्यापासून खालपर्यंत काळा पट्टा उमटला. ते काही बोलले नाहीत, रुमालाने पुसत राहिले आणि तो पट्टा आणखी पसरला. मला त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

चार महिन्यांनी मिठी नदीच्या पुलाअलीकडे खड्डा चुकवताना ब्रेक दाबला आणि हँडलचा दांडा बिजागरीत कलला. बिजागरी आवळणारा चाप सैल झाला होता. मी हनुवटीवर पडलो, पाच टाके पडले. दुकानदार म्हणाला, तुम्हीच नीट बंद केली नसेल. मी रोज दोनदा तपासून बंद करत होतो.

त्या रात्री दादा घरी आला. टाके बघून पहिलं वाक्य हे, "बाबांनी जन्मभर सायकल हाणली ती तू परत हाणावीस म्हणून नाही." आमचे बाबा कल्याणहून अंबरनाथच्या कारखान्यात सायकलवर जायचे. काळी बावीस इंची, कॅरिअरला डबा, पॅंटच्या पायाला क्लिपा. पावसात भिजून आले की आई चुलीशेजारी त्यांचे बूट उपडे ठेवायची. दादाने ते बघितलंय, मीही बघितलंय. त्याला त्यात गरिबी दिसते. मला आठवतं ते असं की बाबा कधीच उशिरा पोचले नाहीत आणि रविवारी तीच सायकल उलटी ठेवून तासभर मन लावून पुसायचे. पगार वाढल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. नाइलाजाने चालवणारा माणूस असा आरे मोजून फडकं फिरवत नाही. हा वाद आमच्यात वीस वर्षं आहे.

२०२२ मध्ये लंडनहून परत आलेल्या मित्राकडून वापरलेली ब्रॉम्प्टन ही फोल्डिंग सायकल घेतली, ७२ हजारांना. दादा म्हणाला, त्यात थोडी भर घातली असतीस तर स्कूटर आली असती. स्कूटर आली असती आणि कल्याण स्टेशनबाहेर उभी राहिली असती. कुर्ल्याला मी पुन्हा त्याच रांगेत.

ही सायकल अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७० च्या दशकात लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बनवली. खिडकीसमोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च होतं, त्यावरून नाव. पैसे कशाचे पडतात ते घडी बघितल्यावर कळतं. मागचं चाक पोटाखाली वळतं, पुढचं त्याच्या शेजारी येऊन बसतं, हँडल खाली पडतं. चेन दोन चाकांच्या मध्ये दडते, कुणाच्या कपड्याला लागत नाही. घडीची जाडी २७ सेंटिमीटर, उंची साठच्या आत. हात सोडला तरी उभी राहते.

मी ती लगेजच्या डब्यात नेतो. एका मावशी भाजीचे गठ्ठे घेऊन दादरला जातात. पहिल्या दिवशी त्यांनी पाय आखडून घेतले, मग घडीकडे बघून म्हणाल्या, "ही माझ्या गोणीपेक्षा कमी जागा खाते की." मग किंमत विचारली, मी खरी सांगितली. त्या म्हणाल्या, "रोजची आहे ना? मग ठीक आहे." दादाला चार वर्षांत जे पटलं नाही ते त्यांना ठाण्याच्या आत पटलं.

पैसे वाचतील म्हणून मात्र घेऊ नका. माझे दोन्ही टोकांचे रिक्षाचे मिळून दिवसाला नव्वद रुपये वाचतात. ७२ हजार फिटायला आठशे दिवस. पावसाळ्यात मी ती घरीच ठेवतो, म्हणजे वर्षाला दोनशेच दिवस धरा. नवी घेतलीत तर आणखी वर्षं लागतील. मी घेतली ती वेळेसाठी. कुर्ल्याला उतरल्यापासून चौदा मिनिटांत ऑफिस, घडी घातली की टेबलाखाली. चार वर्षांत तिला बाहेर कुलूप लावून ठेवायची वेळ आली नाही.

आता त्रासाचंही सांगतो. बारा किलो वजन आहे, गर्दीच्या वेळी पुलाच्या जिन्यावर ते खांद्याला कळतं. संध्याकाळी कुर्ल्याला मी दोन-तीन गाड्या सोडतो. लहान चाकांना खड्डा दुप्पट लागतो. आणि टायर! सोळा इंच म्हणून जो टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो मुलांच्या सायकलचा, ३०५ मापाचा (रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, मिलिमीटरमध्ये). ब्रॉम्प्टनला ३४९ लागतो. एकदा दुकानदार आणि मी अर्धा तास तो चढवायचा प्रयत्न करत होतो, कसा चढणार? टायर-ट्यूबचा एक जादा जोड घरी ठेवाच. मूळ पेटंट संपल्यामुळे आता याच घडीच्या स्वस्त सायकली मिळतात. त्या मी चालवलेल्या नाहीत, पण घेणार असाल तर आधी बिजागऱ्या बघा. चाप पूर्ण आवळा, पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवा. खटखट जाणवली तर किंमत कितीही कमी असो, परत द्या.

आणि घरात कुणी "सायकलला इतके पैसे?" म्हणालं तर त्यांना सकाळी साडेआठला कुर्ल्याच्या रांगेत एकदा घेऊन जा. दादाला मी तीनदा बोलावलंय, अजून आलेला नाही.