‘पहिल्या नंबरची गॅरंटी’ आणि वेबसाइटवाल्यांचे नेहमीचे घोटाळे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सातारा-सांगली पट्ट्यातून आलेल्या प्रश्नांमध्ये गावं आणि धंदे वेगळे आहेत, घोटाळे मात्र तेच तीन-चार. म्हणून निवडक प्रश्न घेतले आहेत. साइट प्रत्यक्ष न पाहता दिलेलं उत्तर सर्वसाधारणच असणार. शेवटचा निर्णय साइट उघडून बघणाऱ्या जाणकाराला विचारूनच घ्या.

दुकानाची वेबसाइट सुरू होऊन दोन महिने झाले. गुगलवर दुकानाचं पूर्ण नाव टाकलं तरी येत नाही. डिझायनर म्हणतो सहा महिने लागतातच. (कंदी पेढ्यांचे विक्रेते, सातारा)

चुरशीच्या शब्दांवर वर यायला सहा महिने लागू शकतात, स्वतःच्या नावाने दिसायला नाही. नवी साइट साधारणपणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत गुगलच्या नोंदीत येते. दोन महिन्यांनीही येत नसेल तर अडवणूक बहुधा आपल्याच बाजूने आहे.

सर्च कन्सोल ही गुगलची फुकट सोय आहे. तिथे साइट जोडा आणि ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये मुख्य पानाचा पत्ता टाका. का घेतलं नाही, याचं कारण तिथेच लिहून येतं. ‘नोइंडेक्स’ (हे पान नोंदीत घेऊ नका, अशी सूचना) असं आलं आणि साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. तळाशी ‘डिस्करेज सर्च इंजिन्स’ अशी एक चौकट असते. साइट बनत असताना डिझायनर तिच्यावर मुद्दाम टिक करतो आणि साइट सुरू करताना ती काढायला विसरतो. टिक काढा, सेव्ह करा, कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा आणि ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकदा दाबा. रोज दाबल्याने काम लवकर होत नाही.

कारण ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं असेल तर मामला वेगळा. गुगलने पान वाचलं आणि ठेवण्यासारखं वाटलं नाही. दोन ओळी, चार फोटो आणि फोन नंबर एवढ्यावर हे होतंच. पेढा किती दिवस टिकतो, पाव किलोपासून पाच किलोपर्यंतचे दर, पुण्या-मुंबईला पार्सल कसं जातं, दुकान कधी बंद असतं, हे लिहा.

मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमध्ये शोधशब्द लिहायचा टॅग) किती शब्द भरावेत? (कुपवाड)

एकही नाही. रँक, म्हणजे निकालातला क्रम, ठरवताना आपण तो टॅग वापरत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलं आहे.

३० दिवसांत पहिल्या पानाची लेखी गॅरंटी आणि सोबत ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका), असा एका कंपनीचा फोन आला. घ्यावं का? (बेदाणा व्यापारी, तासगाव)

घेऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगतं. आणि गॅरंटी नेमकी कोणत्या शब्दाची आहे ते एकदा विचारून बघा. बहुतेक वेळा तो शब्द तुमच्याच फर्मचं नाव निघतो, किंवा वर्षभरात कोणी शोधत नाही असं सात शब्दांचं शेपूट. दुसरी युक्ती म्हणजे पैसे भरून जाहिरात लावायची आणि तिचाच स्क्रीनशॉट पाठवायचा. वर ‘प्रायोजित’ लिहिलंय का ते बघत चला.

रँक वाढावा म्हणून विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहेत. बहुतेकदा त्या नुसत्याच दुर्लक्षिल्या जातात, म्हणजे पैसे पाण्यात. नशीब वाईट असेल तर साइटवर गुगलच्या तपासनीसाची कारवाई, म्हणजे ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’ बसते. लिंक हवीच असेल तर ज्यांच्याशी खरा व्यवहार आहे त्यांच्याकडे मागा: तुमचा निर्यातदार ग्राहक, पॅकिंग मशीनचा पुरवठादार, तुम्ही सभासद असलेली व्यापारी संघटना.

आमची मराठी साइट दहा वर्षं जुनी आहे. सतार, तानपुरा सगळ्यांची माहिती आहे, पण मराठीत शोधलं की एकही पान येत नाही. (वाद्यनिर्माते, मिरज)

आधी एक चाचणी करा. साइटवरचं एखादं वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसला, तर मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटात आहे (युनिकोड म्हणजे सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत). डोळ्यांना ‘तानपुरा’ दिसतो, गुगलला तो खिचडाच दिसतो. वाक्य कॉपीच होत नसेल तर मजकुराच्या जागी चित्र आहे. चित्रातलं लेखन हे पानावरच्या मजकुराला पर्याय नाही.

जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण तो तसाच चढवू नका. रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ फुटतात, ‘श्र’ आणि ‘क्ष’ची हमखास वाट लागते. एकाने मूळ छापील पत्रक हातात धरून ओळीओळीने ताडून बघायला हवं. फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) द्या, तोही साधा: फोटोत जे आहे तेवढंच. पीडीएफ कॅटलॉगमधली माहिती साइटच्या पानावरही लिहा.

पुष्कळ मराठी माणसं रोमन अक्षरांत शोधतात, आणि परदेशी गिऱ्हाईक तर इंग्रजीतच शोधणार. त्यासाठी मराठी पानात इंग्रजी शब्द कोंबू नका. स्वतंत्र इंग्रजी पान करा आणि दोन्ही पानं ‘एचरेफलँग’ टॅगने (कोणतं पान कोणत्या भाषेतलं हे गुगलला सांगणारा) एकमेकांना जोडा. जोड दोन्हीकडून हवी, एकतर्फी असेल तर गुगल ती मोजत नाही. दहा वर्षं जुन्या साइटवर हे करताना पानांचे पत्ते बदलणार असतील तर पुढचं उत्तर आधी वाचा.

हॉटेलची साइट नव्याने करून घेतली. दिसायला सुरेख आहे, पण गुगलवरून येणारी चौकशी निम्म्याहून कमी झाली. चार महिने झाले. डेव्हलपर म्हणतो गुगलचा अपडेट आहे, थांबा. (हॉटेल व्यावसायिक, पाचगणी)

थांबू नका. चार महिने थांबलात हेच जास्त झालं. ‘गुगलचा अपडेट’ हे अलीकडे विजेच्या व्होल्टेजसारखं झालंय, काहीही बिघडलं की त्याच्यावर ढकलायचं. अपडेट येतात हे खरं. पण घसरण साइट बदलली त्याच आठवड्यात सुरू झाली असेल तर आधी स्वतःच्या घरात बघायचं.

नव्या साइटमध्ये पानांचे पत्ते बदलतात. जुन्या साइटवर खोल्यांच्या पानाचा एक पत्ता होता, आता दुसरा आहे. गुगलची वर्षानुवर्षांची ओळख जुन्या पत्त्याशी होती. प्रवास-लेखांतून, लग्नाच्या पत्रिकांतून, कुणाच्या तरी ब्लॉगवरून आलेल्या लिंकाही तिकडेच जातात. तिथे आता ‘पान सापडलं नाही’, म्हणजे ४०४. साताऱ्यातलं राजवाड्यावरचं दुकान पोवई नाक्यावर हलवायचं आणि जुन्या शटरवर पाटीच लावायची नाही, असा हा प्रकार. ती पाटी म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्याकडे वळवणारी सूचना.

आता हे करा. जुन्या पत्त्यांची यादी जमवा. साइट सर्च कन्सोलला आधीपासून जोडलेली असेल तर ‘परफॉर्मन्स’मध्ये मागच्या १६ महिन्यांचा हिशेब मिळतो. तारीख साइट बदलण्याआधीची ठेवा आणि ‘पेजेस’ची यादी उतरवून घ्या. जोडलेली नसेल तर होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलेली असते ती सेवा) जुना बॅकअप, जुनी साइटमॅप फाइल (साइटच्या पत्त्यांची यादी) किंवा वेबॅक मशीन (साइटच्या जुन्या प्रती साठवणारी साइट). मग एक्सेलमध्ये दोन रकाने: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच विषयाचं नवं पान. क्लिक जास्त असलेली पानं वर घ्या. लहान हॉटेलच्या साइटला हे एका दुपारचं काम आहे.

इथे हमखास एक आळस होतो: सगळे जुने पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवणं. ‘मॅप्रो गार्डनपासून किती अंतर’ हे पान उघडणाऱ्याला मुख्य पान दाखवून उपयोग काय? असे वळवलेले पत्ते गुगल बहुधा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे नसलेलंच पान, समजतं, म्हणजे वळवले न वळवले सारखंच. ज्या पानाला नव्या साइटवर जोडच नाही ते पान एक तर पुन्हा लिहा, नाही तर खुशाल ४०४ राहू द्या.

रीडायरेक्ट ३०१ हवा. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी असतो. जुन्या पत्त्यावरून थेट शेवटच्या पत्त्यावर जाऊ द्या, मध्ये तीन उड्या नकोत. आणि तो किमान वर्षभर ठेवा, जमलं तर कायमचाच. होस्टिंग बदलताना रीडायरेक्टची फाइल मागे राहते, हे लिहून ठेवा. फक्त पानांचे पत्ते बदलले असतील तर सर्च कन्सोलमधल्या ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ला हात लावू नका, ते डोमेनच, म्हणजे साइटचं मूळ नाव, बदललं तर वापरायचं.

बरोबरीने आणखी दोन गोष्टी तपासा. नव्या साइटवर चाचणीच्या काळातलं ‘नोइंडेक्स’ राहिलंय का? आणि प्रत्येक पानाचं टायटल जुन्यासारखं नेमकं आहे, की सगळीकडे नुसतं ‘होम’ आणि ‘रूम्स’ झालंय? नव्या थीममध्ये हे सर्रास होतं. आकडे बघताना मात्र गेल्या महिन्याशी तुलना करू नका. पाचगणीत मे आणि जुलै सारखे नसतात. मागच्या वर्षीच्या त्याच तारखांशी ताडा.

हे सगळं डेव्हलपरकडूनच करून घ्या, बॅकअप घेऊन. ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ या रीडायरेक्ट लिहायच्या फाइलमधली एक ओळ चुकली तर साइटच बंद पडते. तो टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा, पण या आठवड्यात. सगळं परत येईलच असं नाही. जितका उशीर तितकं कमी परत येतं. पुढच्या वेळी कोटेशनमध्येच ‘जुन्या सर्व पत्त्यांचे ३०१ रीडायरेक्ट’ ही ओळ घालून घ्या आणि शेवटचा हप्ता ते तपासूनच द्या.

गुगल मॅपवर क्लिनिकच्या नावात ‘बेस्ट डेंटिस्ट सातारा’ जोडलं तर चालेल का? रिव्ह्यू देणाऱ्यांना क्लीनिंगवर सवलत द्यायचा विचार आहे. (दंतवैद्य, सातारा)

दोन्ही नाही. पाटीवर आहे तेच नाव लिहायचं, जास्तीचे शब्द जोडले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. शेजाऱ्याने जोडलेत आणि तो वर दिसतो, हे कारण गुगलपुढे चालत नाही. हवं तर ‘सजेस्ट अ‍ॅन एडिट’मधून त्याची दुरुस्ती सुचवा. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू हेही नियमात बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागणं तेही नाही.

मुख्य कॅटेगरी, वेळा, सुट्ट्या आणि फोटो नीट ठेवा. स्थानिक निकालात अंतरालाही वजन असतं, त्यामुळे कराडहून शोधणाऱ्याला तुम्ही दिसला नाहीत तर घाबरू नका. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटच्या उपचाराचा उल्लेख करू नका. प्रकरण ताणलं गेलं असेल तर लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

गुगलच्या पेजस्पीडमध्ये (साइटचा वेग मोजणारी चाचणी) मोबाइलचा स्कोअर ४८ आहे. त्यामुळे रँक पडला का? (यंत्रमागधारक, विटा)

त्या ४८ वरून तसं सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतला अंदाज आहे. वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे असतील तर ते बघा: मुख्य भाग दिसायला २.५ सेकंद, बोट लावल्यावर प्रतिसादाला २०० मिलिसेकंद, पान हलण्याचा आकडा ०.१, याच्या आत असावं. वर्दळ कमी असेल तर हे आकडे येतच नाहीत. तुमच्यासारख्या साइटवर दोष बहुधा फोटोंचा असतो: मोबाइलवरून काढलेला चार एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला. रुंदी १६०० पिक्सेल करा, ‘वेबपी’ या हलक्या फाइल-प्रकारात साठवा. पहिल्या फोटोला ‘लेझी लोड’ (पान सरकवल्यावरच फोटो उतरवणं) लावू नका, तोच उशिरा येतो. सरकत्या पट्ट्या काढून टाका.

एआयकडून प्रत्येक गावाच्या नावाने ‘हळद विक्रेते’ अशी २०० पानं करून घेतली आहेत. चढवू का? (हळद व्यापारी, सांगली)

नको. गावाचं नाव बदलून तीच पानं करणं याला गुगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ते स्पॅममध्ये धरतं. मार्च २०२४ पासून तर रँकसाठी घाऊक प्रमाणात केलेला निरुपयोगी मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, हाही स्वतंत्र नियमभंग आहे. एआयची मदत घेणं हा गुन्हा नाही, पण २०० पानांत सांगण्यासारखं तुमच्याकडे एका पानाचं आहे. ते एक पान चांगलं करा: राजापुरी की सेलम, पॉलिश किती, लॅबच्या रिपोर्टमध्ये कर्क्युमिन किती, किमान ऑर्डर किती पोती, बिल आणि वाहतूक कशी.

डोमेन डिझायनरच्या नावावर आहे आणि तो फोन उचलत नाही. (इस्लामपूर)

रँकची चिंता बाजूला ठेवा, आधी हे. ‘हूइज’मध्ये (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) मुदत कधी संपते ते आजच बघा. मुदत संपून डोमेन दुसऱ्याने घेतलं तर वरची सगळी उत्तरं व्यर्थ. डिझायनरला लेखी कळवा, पैसे दिल्याच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवा. जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, म्हणजे रजिस्ट्रारच्या, सपोर्टला कागदपत्रांसह लिहा, आणि मुदत जवळ असेल तर वकिलाकडून नोटीस द्या. तोवर साइटचा पूर्ण बॅकअप स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या. सर्च कन्सोल आणि मॅपचं प्रोफाइल यांत ‘ओनर’ म्हणून तुमचा जीमेल आहे का, की तिथेही त्याचाच, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.